न हलणारी रेघ

"हे तुमचं टेबल," असं म्हणून किल्लेदारांनी मला जी जागा दाखवली ती जुन्या बॅटऱ्या ठेवायच्या खोलीतली होती. टेबल होतं, पण त्याचा एक पाय विटेवर उभा होता. खुर्ची नव्हती.

"खुर्ची?"

"मोजमाप करायला आलात ना? उभ्यानेही होतं ते."

मागे उभी असलेली त्यांची दोन माणसं हसली. मी हसले नाही. बाहेरच्या बाकावरून एक स्टूल उचलून आणलं आणि लॅपटॉप उघडला.

किल्लेदार हे त्यांचं आडनाव नाही. त्या अवाढव्य रुग्णालयाचं सगळं नेटवर्क त्यांच्या हाताखाली होतं. संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या सगळ्या यंत्रांचे, म्हणजे स्विचचे, पासवर्ड एकट्या त्यांनाच ठाऊक होते आणि रजेवर जातानासुद्धा ते कुणाला सांगत नसत. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना किल्लेदार म्हणायचे. तोंडावर अर्थात 'सर'.

माझं काम सांगायला सोपं आहे. मोठ्या संस्थेत हजारो संगणक एकमेकांशी बोलत असतात. ते बोलणं नेमकं कुठे अडतं हे कळावं म्हणून आमची कंपनी एक सॉफ्टवेअर बसवून देते. प्रत्येक इमारतीत जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी ठेवायची. पेट्या एकमेकींना सतत बारीक संदेश पाठवतात, उत्तर यायला किती वेळ लागला ते टिपतात, आणि त्याची रेघ पडद्यावर उमटते. रेघ खाली असली की सगळं ठीक, वर उसळली की कुठेतरी कोंडी.

या रुग्णालयात कोंडी होती यावर कुणाचं दुमत नव्हतं. मुख्य आवारात फार त्रास नव्हता. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या नव्या इमारतीत डॉक्टर रुग्णाचा रिपोर्ट उघडायचे आणि पडदा नुसता फिरत राहायचा. दोष कुणाचा यावरून दोन विभागांत वर्षानुवर्षं जुंपलेली. नेटवर्कवाले म्हणत, रिपोर्टचा प्रोग्राम रद्दी आहे. प्रोग्रामवाले म्हणत, नेटवर्क सडकं आहे. शेवटी संचालिकाबाईंनी आम्हाला बोलावलं आणि भर बैठकीत सांगून टाकलं, "ज्याच्याकडे दोष निघेल, त्या विभागाचं काम मी बाहेरच्या कंपनीला देणार. मला आता भांडण ऐकायचं नाही."

आणि रिपोर्टचा तो प्रोग्राम लिहिला होता माझ्या ताईच्या नवऱ्याने.

हे मी आमच्या साहेबांना आधीच फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या ठिकाणी कुणी ना कुणी कुणाचं तरी लागतंच. काम कर आणि लवकर परत ये." राहायलाही मी ताईकडेच होते. किल्लेदारांना ही बातमी माझ्याआधी पोचली होती.

"घरचंच कार्य आहे म्हणा की," पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. "निकाल घरूनच लिहून आणला असेल. इथे नुसता शिक्का मारायचा."

"सर, निकाल पेट्या देतात. मी फक्त त्या बसवते."

"पेट्या बसवणाऱ्याच्या मनासारख्याच बोलतात. उगाच नाही केस पिकले माझे."

पुढचे कित्येक दिवस त्यांनी मला जेवढं छळता येईल तेवढं छळलं. दिलेला पासवर्ड चालायचा नाही. विचारायला गेलं की "काल बदलला" असं उत्तर. सर्व्हरच्या खोलीची चावी द्यायला त्यांचा माणूस नेमका जेवायला गेलेला. पेटीला केबल लावली की संध्याकाळपर्यंत ती कुणीतरी उपसलेली, आणि "सफाईवाल्यांचा धक्का लागला असेल हो मॅडम." सर्व्हरच्या खोलीत एवढा गारठा की बोटं आखडायची, आणि मी आत असले की ते मुद्दाम तापमान आणखी खाली आणायचे, अशी माझी खात्री आहे. पुरावा नाही.

नव्या इमारतीत तर वेगळाच पाहुणचार. तिथल्या क्ष-किरण विभागाचे डॉक्टर माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहूनच उखडले.

"नेटवर्कवाल्या का प्रोग्रामवाल्या?"

"दोन्ही नाही. मोजणारी."

"मोजा. हे मोजा." त्यांनी एका रुग्णाच्या नावावर बोट आपटलं. पडद्यावर चाक फिरू लागलं. ते शांतपणे उठले, कोपऱ्यातल्या यंत्रातून चहा घेऊन आले, दोन घोट प्यायले, आणि मग रिपोर्ट उघडला. "माझी साखर वाढलीय या चहाने. तुमच्या दोन्ही टोळ्यांना सांगा."

अखेर सगळ्या पेट्या लागल्या. त्याच्या आदल्या दिवशी किल्लेदार अचानक मऊ झाले होते. पेट्यांचे नेटवर्कवरचे पत्ते त्यांनी स्वतः मागून घेतले. "अडवायला नकोत कुठे," म्हणाले. मला बरं वाटलं होतं.

मोजणी सुरू झाली. मुख्य आवार ते नवी इमारत या वाटेवरची रेघ मी उघडली आणि बघतच राहिले. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. सकाळी, दुपारी, ओपीडीच्या गर्दीत, जेवणाच्या सुट्टीत, कायम तेवढीच उंची. जणू पट्टी धरून ओढलेली.

किल्लेदार माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "बघितलंत? लोण्यासारखं नेटवर्क आहे. आता जा आणि सांगा तुमच्या भावजींना."

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत लंबकाची वाचनं घ्यायची असत. कुणाच्या वहीत सगळी वाचनं हुबेहूब सारखी आली की आमचे सर वही मिटून विचारायचे, "प्रयोग कँटीनमध्ये केलास वाटतं?" खरं मोजमाप थरथरतं. हात थरथरतो, हवा हलते, दोरा ताणतो. नेटवर्कचंही तसंच: कुणीतरी मोठी फाइल पाठवतं, कुणीतरी व्हिडिओ उघडतं, आणि बाकीच्यांना क्षणभर थांबावं लागतं. न थरथरणारं नेटवर्क म्हणजे एकतर बंद पडलेलं, नाहीतर कुणीतरी सजवलेलं.

सजवायचं कसं हेही मला ठाऊक होतं. स्विचला सांगता येतं की अमुक पत्त्यावरून संदेश आला की बाकी सगळ्यांना बाजूला सार आणि त्याला आधी जाऊ दे. मंत्र्याच्या गाडीला रस्ता मोकळा करतात तसं. माझ्या पेट्या त्या गाडीत बसून फिरत होत्या आणि रस्ता किती मोकळा आहे हे मला कौतुकाने कळवत होत्या.

स्विचच्या आतल्या सूचना वाचायची मला परवानगी नव्हती. पण प्रयोगाला परवानगी लागत नाही. मी पेट्यांचे पत्ते बदलले, संदेशांचं रूपही बदललं, म्हणजे ते साध्या संगणकांच्या गर्दीत मिसळून जातील. तासाभरात रेघ थरथरू लागली. मी तो कागद छापून घेतला आणि सरळ किल्लेदारांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, माझ्या पेट्यांना तुम्ही वेगळी वाट काढून दिली होती."

त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "पाहुणे येणार म्हणून घर आवरलं. गुन्हा आहे?"

"घर आवरलं नाहीत. पाहुण्यांना भलत्याच घरी नेलंत."

"तोंड सांभाळून बोला!" ते उठून उभे राहिले. "काल आलेली पोर तू. मी इथली पहिली केबल ओढलीय. तुझ्या त्या भावजीने एक दिवस तरी हातात केबल धरलीय का? वातानुकूलित खोलीत बसून बटणं दाबतो आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर. आता मेव्हणीला पाठवलंय."

"ती सूचना आजच्या आज काढा. नाहीतर मी संचालिकाबाईंना तसंच कळवते."

"कळव. धमक्या कुणाला देतेस?"

पण त्यांनी काढली. संध्याकाळी मी पेट्यांना त्यांचे जुने पत्ते परत दिले, तरी रेघ थरथरतच राहिली, त्यावरून समजलं.

त्या रात्री जेवताना भावजी खूश होते. किल्लेदारांची लबाडी सापडल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. अशा बातम्या त्या इमारतीत नेटवर्कपेक्षा जोरात पळायच्या.

"प्रोफेसर, जिंकलीस!" ते म्हणाले. भावजी मला लग्नापासून प्रोफेसरच म्हणतात. "मी सांगत नव्हतो? माझ्या टेबलावर रिपोर्ट चुटकीसरशी उघडतो. तिकडे नव्या इमारतीत गेला की मेला. मधे काय आहे? त्याचं नेटवर्क."

"अजून मोजणं संपलेलं नाही, भावजी."

"आता काय राहिलं?" ताईने विचारलं. "चोर सापडला ना?"

"लबाडी सापडली. कोंडी नाही सापडली."

कारण रेघ थरथरत होती हे खरं, पण थरथर अगदी किरकोळ होती. डॉक्टरांचा चहा पिऊन होईल एवढा उशीर त्या थरथरीत कुठेच बसत नव्हता. हे कोडं मला जेवू देईना.

दुसऱ्या दिवशी मी पेट्यांचे संदेश बाजूला ठेवले आणि खऱ्या रिपोर्टची वर्दळ पकडली. नव्या इमारतीच्या स्विचवरून जे काही जातं-येतं त्याची एक प्रत कुरकुरणाऱ्या किल्लेदारांकडून माझ्या पेटीकडे वळवून घेतली. त्या डॉक्टरांना फोन केला. "एक रिपोर्ट उघडता का?"

"चहा आणू आधी?"

"आणा."

त्यांनी नावावर टिचकी मारली आणि माझ्या पडद्यावर ओळी धो धो कोसळू लागल्या. प्रश्न, उत्तर. प्रश्न, उत्तर. भावजींचा प्रोग्राम सर्व्हरला रुग्णाचं नाव विचारत होता, थांबत होता, उत्तर आल्यावर वय विचारत होता, थांबत होता. मग पहिली चाचणी. मग तिचं एकक. मग दुसरी चाचणी. जुन्या रुग्णाच्या एका रिपोर्टसाठी हजारो फेऱ्या. कुणी किराणा आणायला जावं, मीठ घेऊन घरी यावं, मग साखरेसाठी पुन्हा निघावं, तसं.

भावजींचं टेबल आणि सर्व्हर एकाच मजल्यावर, मधे एक भिंत. तिथे दुकान दाराशीच आहे. हजार फेऱ्या मारल्या तरी कळत नाही. नवी इमारत लांब. तिथे जाणारी वाट टेलिफोन कंपनीच्या केबलने अख्ख्या शहराला वळसा घालून जाते. प्रत्येक फेरीला जेमतेम काही मिलिसेकंद जास्त. काही मिलिसेकंद गुणिले हजारो. झाला चहा.

नेटवर्क निर्दोष होतं. पहिल्या दिवसापासून निर्दोष होतं. किल्लेदारांनी ज्या रेघेला रंगरंगोटी केली ती मुळात चांगलीच होती.

विटेवरच्या टेबलावर मी त्या ओळी लॅपटॉपवर उघड्याच ठेवल्या. मग भावजींना खाली बोलावलं. हे त्यांना बैठकीत परक्यासारखं कळू नये असं मला वाटलं. ते उभ्यानेच पडद्याकडे बघत राहिले. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही. हुशार माणूस आहे.

"हे तर..." ते म्हणाले, आणि थांबले. "मी नेहमी माझ्याच टेबलावर तपासलं."

"माहितीये."

"एकदम सगळं मागवलं की झालं. दोन दिवसांचं काम आहे. प्रोफेसर, बैठक उद्या आहे ना? ती पुढे ढकल. पेटी बिघडली सांग. मी दुरुस्त करतो, मग मोज. रिपोर्ट पटकन उघडेल. भांडण संपलं."

"आणि बाई विचारतील, एकदम कसं सुधारलं? सगळ्यांना दिसेल की किल्लेदारांनी ती सूचना काढली आणि लगेच वेग आला. दोष त्यांच्यावर जाईल."

"जाऊ दे ना!" ते जवळजवळ ओरडले. दारातून जाणारं कुणीतरी थबकलं. त्यांनी आवाज खाली आणला. "जाऊ दे. त्याने फसवलंय तुला. केबल उपसल्या, पासवर्ड लपवले. त्या माणसाची तुला दया येतेय?"

"दया नाही येत. मला तो माणूस आवडत नाही. पण दोष त्याचा नाही."

"आणि मी फसवलं? मी काय लबाडी केली सांग. एक तरी दाखव."

मला एकही दाखवता आली नाही. खोटं वागणारा निर्दोष होता आणि खरं वागणारा दोषी, आणि माझ्याजवळ होती ती फक्त ओळींची चळत.

"माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत," भावजी म्हणाले. "तुझ्या ताईला काय सांगू?"

"मी सांगेन."

"तू नकोस काही सांगू. तू खूप सांगितलंस." ते जिना चढून गेले.

बैठकीत संचालिकाबाई टेबलाच्या टोकाला, एका बाजूला किल्लेदार, समोर भावजी. मी भिंतीवर सगळं दाखवलं: आधी ती सरळ रेघ आणि ती तशी का होती ते, मग थरथरणारी, मग हजारो फेऱ्या. नेटवर्क स्वच्छ आहे, उशीर प्रोग्राममध्ये आहे, असं शेवटी स्पष्ट म्हटलं.

"लांब अंतर हा नेटवर्कचाच दोष नाही का?" बाईंनी विचारलं. प्रश्न चांगला होता. भावजींनी मान वर केली.

"अंतर कमी करता येणार नाही, मॅडम. त्या काचेच्या तंतूंच्या केबलमधून प्रकाश जातो, त्याला घाई करायला सांगता येत नाही. फेऱ्या मात्र कमी करता येतात."

बाई किल्लेदारांकडे वळल्या. "नेटवर्क चांगलं होतं, तर मग ही बनवाबनवी कशाला केलीत?"

किल्लेदारांनी पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि न पिताच ठेवला. "मला कुठे माहीत होतं चांगलं आहे म्हणून? इतकी वर्षं भांडलो. रोज घरी जाताना वाटायचं, दोष माझाच असला तर? मोजायला यंत्र कुणी दिलं कधी? बाहेरून पोरगी आली, तीही ह्यांच्या घरातली. म्हटलं, आपण संपलो."

"म्हणजे तुमचा तुमच्याच कामावर विश्वास नव्हता," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "सगळे पासवर्ड संध्याकाळपर्यंत माझ्या कार्यालयात सीलबंद जमा करा. नेटवर्क तुमच्याकडे राहील, एकट्याकडे नाही. आणि रिपोर्टच्या प्रोग्रामचं मी जे बोलले होते तेच होईल."

"मॅडम, दोन दिवसांत दुरुस्त होतं ते," भावजी म्हणाले. "एकच बदल आहे."

"इतक्या वर्षांत दोन दिवस मिळाले नाहीत तुम्हाला? समोरच्याकडे बोट दाखवण्यात सगळे गेले." त्या उठल्या.

बाहेर पडताना किल्लेदार माझ्याशेजारून गेले. मला वाटलं, निदान एक शब्द बोलतील. बोलले. "सगळ्यांसमोर नागडं करायची गरज नव्हती. नेटवर्क चांगलंय एवढंच सांगितलं असतंस तरी भागलं असतं."

"मग तीही सजवलेलीच रेघ झाली असती, सर."

"जा, पेट्या सांभाळ," ते म्हणाले आणि आपल्या माणसांवर कशावरून तरी खेकसत निघून गेले.

मी ताईकडे पोचले तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. भावजी आतल्या खोलीत होते. माझी बॅग बाहेरच्या खोलीत, भरलेली. कपडे नीट घडी घालून, चार्जरची वायर गुंडाळून रबर लावून. रागातसुद्धा ताईला अस्ताव्यस्त काही जमत नाही.

"तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ह्यांनीही तसं म्हटलेलं नाही. पण मला तुला रोज ताट वाढता येणार नाही. उरलेले दिवस लॉजवर राहा."

"ताई, दुसरं काय करायला हवं होतं मी?"

"मला काय विचारतेस? मी काही शिकलेय का तुझ्यासारखं? मला एवढंच कळतं की तू आली नसतीस तर दुसरं कुणीतरी आलं असतं, आणि मी त्याला घरात बसून शिव्या घातल्या असत्या. तुला घालता येत नाहीत."

मी बॅग उचलली. दार उघडलं तोच आतून भावजी आले. हातात लॅपटॉप उघडाच होता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सगळं एकदम मागवलं तर उत्तर केवढं मोठं होईल? वाटेत फुटेल का?"

"नाही फुटणार. तुकडे पडतील, पण थांबावं लागणार नाही. एकाच फेरीत येईल."

"खात्री?"

"मोजून सांगते. उद्या."

"आता कशाला हवंय ते?" ताई त्यांच्यावर कडाडली. "काम काढून घेतलं ना? दुसऱ्याच्या हातात जाणार ते. त्यांना करू दे."

"देईन तेव्हा नीट करून देईन," भावजी म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसून टाइप करू लागले. मग पडद्याकडेच बघत मला म्हणाले, "त्या फेऱ्यांची यादी पाठव. पूर्ण. काही गाळू नकोस."

मी उंबऱ्यात उभी राहून फोनवरूनच पाठवली. ती पोचल्याचा आवाज त्यांच्या लॅपटॉपवर झाला. ते वाचू लागले. एका ठिकाणी त्यांच्या तोंडून शिवी निघाली, ती मला होती की स्वतःला, सांगता येत नाही. कुणी मला बस म्हणेना, जा म्हणेना.

"आत ये नाहीतर बाहेर जा," ताई शेवटी म्हणाली. "दार उघडं टाकून उभी राहू नकोस. डास येतात."

मी बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं.